‘साइट ब्लॉक आहे मॅडम’ : मार्च एंडच्या एका आठवड्याची केस

वांद्रे पूर्वला एका जुन्या सरकारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, नाव सांगत नाही, सांगून उपयोग पण नाही कारण असली ऑफिसं त्या एका रस्त्यावर चार सापडतील. मी वरिष्ठ लिपिक, निविदेचं टेबल माझ्याकडे. मार्च २०२३ मध्ये आमच्याकडे एक निविदा पाच-सहा दिवस अडकून पडली होती आणि जवळपास रद्दच होणार होती, त्याची ही पूर्ण केस. नंतर टिपणीवर कारण लिहिलं गेलं ‘तांत्रिक अडचण’. ही तांत्रिक अडचण नेमकी काय होती ते कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

काम साधं होतं, जुन्या नोंदवह्या स्कॅन करून घ्यायच्या. आदल्या पावसाळ्यात रेकॉर्ड रूमच्या भिंतीतून पाणी आलं आणि खालच्या दोन रॅकवरच्या वह्या फुगल्या, पानं एकमेकांना चिकटली, मग वरून विचारणा आली आणि एकदाची निविदा काढायला मंजुरी मिळाली. दोन लिफाफा पद्धत, तांत्रिक लिफाफा आधी आणि दराचा नंतर. निविदा भरायची शेवटची तारीख १ डिसेंबर २०२२ आणि दरांची वैधता १२० दिवस. हिशोब करा, बरोबर ३१ मार्चला संपते. तांत्रिक लिफाफे डिसेंबरातच उघडले, त्याचा अहवाल मुख्यालयाला गेला, तिथून मंजुरी परत यायला १० मार्च उजाडला. शुक्रवार. सोमवारी साहेब मीटिंगला, आणि मंगळवारी १४ तारखेला जुन्या पेन्शनचा संप सुरू झाला. तो २० तारखेला मागे घेतला. २१ ला आम्ही कामावर, २२ ला गुढीपाडवा, २५-२६ शनिवार-रविवार, ३० ला रामनवमी. म्हणजे हातात दिवस किती उरले ते बोटांवर मोजा. ३१ च्या आत स्वीकृती पत्र गेलं नाही तर ठेकेदारांकडे मुदतवाढ मागायची, त्यातला एक जरी नाही म्हणाला तर फेरनिविदा, म्हणजे अजून एक पावसाळा त्या वह्यांवर.

आता मशीनबद्दल सांगते, कारण खरी भानगड तिथे आहे.

ई-निविदेचं सगळं काम आमच्याकडे एकाच कॉम्प्युटरवर होतं. २०११ मध्ये घेतलेला, विंडोज ७, चौकोनी मॉनिटर. लिफाफा उघडायला चार अधिकाऱ्यांची नावं टाकलेली असतात, त्यातल्या कुठल्याही दोघांनी आपापलं डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचं, डोंगल लावून डिजिटल सही केली की उघडतो. त्या डोंगलचा ड्रायव्हर, ठरावीक जावा, सही करणारं छोटं सॉफ्टवेअर, ब्राउझरच्या दोन-तीन सेटिंग, हे सगळं कधीतरी एका इंजिनिअरने त्या मशीनवर जमवून दिलं होतं आणि तेव्हापासून त्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही. नवीन मशीन नाहीत असं नाही. २०२१ ला दोन आली, विंडोज १०, चकाचक. पण त्यावर आम्हाला ॲडमिन हक्क नाहीत, ड्रायव्हर टाकायचा तर ॲडमिन पासवर्ड लागतो, तो मुख्यालयाच्या आयटी सेलकडे, आणि ‘ड्रायव्हर टाकून मिळणेबाबत’ हे पत्र आम्ही २०२१ मध्येच पाठवलेलं. त्यामुळे नवीन मशीनवर ईमेल आणि पगाराची बिलं, आणि ज्या कामात तारीख चुकली तर नोकरीवर येईल ते सगळं काम बारा वर्षं जुन्या डब्यावर.

लोक म्हणतात सरकारकडे पैसे नाहीत म्हणून जुनी मशीन. आमच्याकडे तरी तसं नव्हतं. जुनं मशीन काढायचं तर निर्लेखन करावं लागतं, म्हणजे जडवस्तू संग्रह नोंदवहीतून त्याची नोंद कमी करायची, त्यासाठी प्रस्ताव, समिती, ‘दुरुस्तीयोग्य नाही’ असा तांत्रिक दाखला, आणि मग ई-कचऱ्याच्या नियमाप्रमाणे अधिकृत रिसायकलरला देणं. आता जे मशीन चालू आहे त्याला दुरुस्तीयोग्य नाही असा दाखला देणार कोण? आणि जी चार खरोखर मेलीत ती दाखल्याविना रेकॉर्ड रूममध्ये त्याच ओल्या भिंतीला टेकून उभी आहेत.

तर २१ मार्चला सकाळी आमच्या ऑपरेटरने ते मशीन लावलं. डेटा एंट्री ऑपरेटर, कंत्राटी पोरगा, हुशार आहे. मशीन चालू होताना काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी आल्या, खाली लिहिलेलं एफ १ दाबा. त्याने दाबलं, विंडोज सुरू झालं. त्याने मला सांगितलं पण नाही आणि मी त्याला दोष देत नाही, आमच्याकडे मशीन रोज काही ना काही बोलतच असतं. अँटिव्हायरस संपला, जावा अपडेट करा, क्रोम म्हणतं पुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज १० घ्या. ते खरंच होतं, विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, पैसे भरून मिळणारे जास्तीचे अपडेट पण जानेवारी २०२३ मध्ये संपले, आणि क्रोमचं १०९ हे त्यावर चालणारं शेवटचं व्हर्जन. पण ही पट्टी रोज वाचून करायचं काय, रोज फुली मारायची.

शुक्रवारी २४ तारखेला दुपारी साहेब आणि लेखाधिकारी मॅडम दोघं डोंगल घेऊन बसले आणि पोरगा म्हणाला, ‘साइट ब्लॉक आहे मॅडम.’

कुणी विचारलं नाही, कशावरून. मी पण नाही. आमच्याकडे साइट उघडली नाही म्हणजे ब्लॉक, हे पाणी आलं नाही म्हणजे मोटर बंद इतकं पाठ झालेलं. यूट्यूब ब्लॉक, आता मुख्यालयच एखाद्या प्रणालीचं ट्रेनिंग यूट्यूबवर टाकतं आणि बघून घ्या म्हणून लिंक पाठवतं हा भाग वेगळा. जीमेल ब्लॉक, गूगल ड्राइव्ह ब्लॉक, व्हॉट्सअप वेब ब्लॉक, पेन ड्राइव्ह लावला तर दिसत नाही. शिवाय पोरग्याने अजून एक पुरावा दिला, या मशीनवर आतल्या साइट चालतायत, हजेरीची चालतेय, बाहेरची एकही चालत नाहीये. झालं. आत चालतंय बाहेर नाही म्हणजे फायरवॉल, ऑफिसचं नेट आणि बाहेरचं नेट यांच्यामधला रखवालदार, यात शंका घ्यायला जागाच नाही असं वाटलं सगळ्यांना. आयटी सेलला फोन केला. ते म्हणाले विहित नमुन्यात मागणी पाठवा.

हा विहित नमुना पाठवायची गोष्ट थोडी सविस्तर सांगते कारण आमच्या ऑफिसातलं कॉम्प्युटरचं जग कसं चालतं ते यात दिसतं. फॉर्म कागदावर भरला, साहेबांची सही, शिक्का. आता तो स्कॅन करून ऑफिसच्या ईमेलवरून पाठवायचा. स्कॅनर जुना, त्याचा ड्रायव्हर फक्त विंडोज ७ ला चालतो म्हणून तो जुन्या मशीनला. ईमेल नवीन मशीनवर. दोन मशीनमध्ये चार फुटांचं अंतर. पेन ड्राइव्ह बंद. पूर्वी दोन्हीकडे दिसेल असं एक शेअर फोल्डर असायचं, ते २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा बंद केलं, कारण तो व्हायरस विंडोजच्या त्याच जुन्या फाइल शेअरिंगमधून एका मशीनमधून दुसऱ्यात जात होता. बरोबरच केलं तेव्हा. पण त्या जागी दुसरं काही दिलं नाही. मग आम्ही काय करतो, कागदाचा मोबाइलने फोटो काढायचा, स्वतःच्या जीमेलवरून ऑफिसच्या ईमेलला पाठवायचा, नवीन मशीनवर उघडायचा आणि तिथून पुढे. चार फूट जायला सरकारी कागद माझ्या खाजगी मोबाइलवरून अमेरिकेतल्या कंपनीच्या सर्व्हरला प्रदक्षिणा घालून येतो.

उलटं असेल तर अजून मजा. मुख्यालयाचे आदेश हल्ली आधी व्हॉट्सअपवर येतात, ‘आजच माहिती पाठवा’ वाले. ते मोबाइलवर, प्रिंट काढायची तर ऑफिसात सोय नाही. मग मामा, म्हणजे आमचे शिपाई, रस्ता ओलांडून झेरॉक्सवाल्याकडे जातात, त्याच्या नंबरवर फाइल पाठवायची, तो प्रिंट काढून देतो, पाच रुपये पान. त्याच्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप एकदा बघितला मी. आधार कार्डं, कोर्टाची प्रतिज्ञापत्रं, कुणाचा तरी भाडेकरार, आणि त्यात मध्येच आमच्या ऑफिसचं गोपनीय शिक्का असलेलं पत्र. जून २०२२ मध्ये एनआयसीच्या, म्हणजे सरकारी कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, सायबर सुरक्षेच्या सूचना आल्या होत्या, व्हीपीएन वापरू नका, सरकारी फाइल गूगल ड्राइव्ह ड्रॉपबॉक्सवर ठेवू नका, कॅमस्कॅनरसारख्या ॲपने ऑफिसचे कागद स्कॅन करू नका. त्या केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी होत्या, पण आमच्याकडे पण आल्या. व्हॉट्सअपवरच आल्या. मामांनी त्याची प्रिंट झेरॉक्सवाल्याकडून आणली आणि नोटीस बोर्डावर लावली.

असो. नमुना शुक्रवारी संध्याकाळी गेला. सोमवारी २७ ला आयटी सेलमधून फोन आला, माणूस सभ्य होता, ‘अहो मॅडम, ती साइट आमच्याकडून ओपनच आहे, सगळ्या ऑफिसांना ओपन आहे, तुमच्याकडे काहीतरी वेगळं असेल.’ आता आमच्याकडे वेगळं म्हणजे काय हे त्याला फोनवर दिसणार नाही आणि आम्हाला समोर बसून दिसत नाही. तो म्हणाला उद्या माणूस पाठवतो, आमच्याकडे माणसं कमी आहेत. खरंच कमी असतात, मी त्यांची बाजू पण सांगते पुढे.

त्या सोमवारी एक सोपा मार्ग पुढे आला. आस्थापनेतल्या एकाकडे स्वतःचा लॅपटॉप होता, म्हणाला मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो, डोंगलचा ड्रायव्हर टाकतो, अर्ध्या तासात उघडून देतो. आणि देऊ शकला असता. मी साहेबांना सांगितलं. साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘नको. माझी सही आहे ती. पोराच्या लॅपटॉपवर काय काय टाकलेलं असेल कुणाला माहीत, उद्या दर फुटले असं कुणी म्हटलं तर मी काय सांगू?’ मला राग आला तेव्हा, मनात म्हटलं इकडे निविदा मरतेय आणि यांना हे सुचतंय. पण आज विचार केला तर या पूर्ण आठवड्यात सुरक्षेचा एकच खरा निर्णय झाला आणि तो साहेबांचा होता. आयटी कायदा २००० प्रमाणे डिजिटल सही म्हणजे हाताच्या सहीसारखीच सही, डोंगल आणि पिन दुसऱ्याच्या मशीनवर टाकणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यातलाच प्रकार.

मंगळवारी २८ ला आयटी सेलचा पोरगा आला, मालाडच्या कुठल्या तरी ऑफिसातून धावत. त्याने नवीन मशीनवर साइट लावली, उघडली. जुन्यावर लावली, नाही. म्हणजे ब्लॉक नाही, मशीनच बिघडलंय. त्याने दोन-चार गोष्टी करून बघितल्या, केबल बदलली, आणि मग तो शब्द बोलला ज्याला आम्ही सगळे घाबरतो, ‘फॉरमॅट करायला लागेल.’ फॉरमॅट म्हणजे जावा गेलं, ड्रायव्हर गेला, जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर गेलं ज्याच्यात २०१२ पासूनची पत्रं आहेत आणि जी युनिकोड मशीनवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मी म्हटलं एक दिवस थांब. तो म्हणाला मला अजून दोन ऑफिसं आहेत, पत्र द्या मग येतो.

जाताना चहा पिता पिता त्याने जे सांगितलं ते मला पटलं, म्हणून लिहिते. मी त्याला सुनावलं होतं की तुम्ही लोक सगळं बंद करून ठेवता. तो म्हणाला, मॅडम तुमच्या या सातवाल्या मशीनला मी मोकळं नेट दिलं आणि यातून काही आत आलं तर अख्ख्या नेटवर्कमध्ये फिरेल, मग माझी नोकरी जाईल. वॉनाक्राय १२ मे २०१७ ला आला, त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, दोन महिने आधी, ज्यांनी टाकला नाही ती मशीन बसली. मग पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या, तसाच दुसरा व्हायरस. ते मला आठवत होतं कारण माझा मावसभाऊ तेव्हा उरणला एका क्लिअरिंग एजंटकडे होता, जेएनपीटीतलं एक टर्मिनल त्या हल्ल्यात ठप्प झालं होतं, जगातल्या एका मोठ्या शिपिंग कंपनीचे कॉम्प्युटर बसले म्हणून इकडे न्हावा शेव्याला कंटेनरचे ट्रक रांगेत उभे. तर भीती खोटी नाही.

पण त्यातच सगळी गोची आहे. मशीन जुनं, पॅच येत नाहीत, म्हणून त्याचं नेट आवळायचं. नेट आवळलं म्हणून जे काही अपडेट, ड्रायव्हर, दुरुस्त्या मिळू शकल्या असत्या त्या पण येत नाहीत, म्हणून ते अजून जुनं होतं, म्हणून अजून आवळायचं. दोन्ही बाजूंनी प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर, आणि मध्ये आम्ही मोबाइल घेऊन उभे.

संध्याकाळी साडेपाचला सगळे निघायच्या घाईत, मी एकटीच त्या मशीनसमोर बसले. खरं तर मुदतवाढीची पत्रं टाइप करायला बसले होते. सहज म्हणून क्रोम उघडून साइट टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पान वरून खालपर्यंत वाचलं. आमच्या फायरवॉलचं ब्लॉकवालं पान वेगळं असतं, त्यावर ऑफिसचं नाव असतं, हे ते नव्हतंच. मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, युअर क्लॉक इज बिहाइंड. तुमचं घड्याळ मागे आहे. खाली छोट्या अक्षरात तारीख, १ जानेवारी २००९. त्याच्याखाली बटण, तारीख आणि वेळ दुरुस्त करा.

पाच दिवस ते पान आम्हाला सांगत होतं. पोरग्याने बघितलं, मी बघितलं, आयटीवाल्याने पण बघितलं असणार. कुणी वाचलं नाही. कारण एक तर आमच्याकडे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ वालं पान रोजच येतं, फायरवॉल मध्ये बसून प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा ठरावीक तारखांपुरता दाखला, तपासतो आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतो, ते जुन्या मशीनवर नीट टाकलेलं नाही, त्यामुळे ब्राउझर ओरडतो आणि आम्ही ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून ‘पुढे जा’ करतो. वर्षानुवर्षं ऑफिसनेच आम्हाला शिकवलंय की धोक्याची सूचना म्हणजे न वाचता दाबायचं बटण. ते बटण यावेळी नव्हतं, एवढाच फरक, म्हणून ब्लॉक. आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात जिथे तारीख दिसते तिथे नेमकी सेलोटेपने लावलेली पासवर्डची चिठ्ठी लोंबत होती. माझ्याच अक्षरातली.

त्या बटणावर दाबलं, तर ॲडमिन पासवर्ड मागितला. तो नाही. मग भावाला फोन लावला, तो डोंबिवलीला कॉम्प्युटर रिपेअरचं करतो, लॅमिंग्टन रोडला शिकलेला. त्याने दोन मिनिटांत सांगितलं, ‘ताई, मदरबोर्डवरचा सेल गेलाय. मशीन बंद असताना तारीख चालू ठेवायला आत एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, घड्याळात असतो तसा. बरेच दिवस मशीनला लाइट नव्हती का?’ नव्हती ना. संपात आमच्या सेक्शनचा मेन स्विच आठवडाभर बंद. सेल आधीच म्हातारा, त्या आठवड्यात संपला. आणि तारीख २००९ ला गेली की बाहेरच्या प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं दिसतं, म्हणून एकही उघडत नाही. आतल्या साइट साध्या, त्यांना सर्टिफिकेटच नाही, म्हणून त्या चालतात. सगळा पुरावा बरोबर होता, निष्कर्ष चुकीचा.

मी विचारलं, पण मोबाइलची तारीख कशी आपोआप बरोबर होते? तो म्हणाला कॉम्प्युटरची पण होते, विंडोज इंटरनेटवरून वेळ घेतं, तुमच्या फायरवॉलने ते बंद केलं असेल. नंतर आयटी सेलने सांगितलं, हो, बंदच आहे. आणि यातली खरी गंमत मला नंतर कळली, सर्ट-इनने, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढलेत की सरकारी संस्थांसकट सगळ्यांनी आपल्या सिस्टिमची घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची. म्हणजे घड्याळ बरोबर असणं हा सायबर सुरक्षेचाच भाग आहे, हल्ला झाला तर कुठल्या मशीनवर किती वाजता काय झालं ते लावता यायला हवं ना. आयटी सेलकडे तसा आतला टाइम सर्व्हर होता पण. नवीन मशीन त्याला जोडलेली. जुनं मशीन त्यांच्या यादीतच नव्हतं, ते बिचारं रोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला वेळ विचारायला जायचं आणि फायरवॉलवर डोकं आपटून परत यायचं.

भावाने मोबाइलवरून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जायला शिकवलं. चालू करताना एफ २ दाबत राहायचं, निळी स्क्रीन, बाणाने खाली, तारीख टाकायची. मला वाटलं इथे पण पासवर्ड असेल. नव्हता. विंडोजची तारीख बदलायला मुख्यालयाची परवानगी, आणि त्याच्या खालची मूळ तारीख कुणीही येऊन बदलावी. मशीन सुरू झालं, साइट उघडली, पावणेसहा वाजलेले. साहेबांना फोन केला तर ते गाडीत, कुर्ला गेलं.

बुधवारी २९ ला साडेनऊला दोघं हजर. मशीन लावलं, एफ १ दाबा. पुन्हा १ जानेवारी २००९. कारण रात्री वॉचमनने मेन स्विच पाडला. तो त्याचं काम करत होता, जून २०१२ मध्ये मंत्रालयाला आग लागली तेव्हापासून आमच्याकडे सक्त नियम आहे, शेवटचा माणूस गेला की सेक्शनचा मेन बंद. चांगला नियम आहे, त्याला काही बोलता येत नाही. परत एफ २, परत तारीख. साहेब मागे उभं राहून बघत होते, म्हणाले हे तुम्ही कुठे शिकलात, मी म्हटलं काल. अकरा वाजून काही मिनिटांनी दोन्ही डोंगल लागले, दराचे लिफाफे उघडले, तीन निविदाकार, तुलनात्मक तक्ता छापला. गुरुवारी रामनवमी. शुक्रवारी ३१ ला दुपारी स्वीकृती पत्र गेलं.

बुधवारीच संध्याकाळी मी स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडून सेल घेतला, ४० रुपये, बिल नाही. शुक्रवारी पत्र गेल्यावर मामांनी स्क्रूड्रायव्हर आणला. कॅबिनेटवर जुन्या देखभाल ठेकेदाराचं सील होतं, ‘सील तोडल्यास जबाबदारी नाही’. ठेका २०१९ ला संपलेला. तरी मामा थांबले, ‘ताई, तोडू ना? तुम्ही बघताय ना?’ मी म्हटलं तोडा. आत एवढी धूळ की सेल शोधायला रंगाचा ब्रश लागला.

नंतरचं थोडक्यात सांगते. त्या आठवड्यात त्या मशीनवर टाइप झालेल्या सगळ्या फाइलींवर २००९ ची तारीख आहे, दोन पत्रांत तर मजकुरात पण आपोआप १ जानेवारी आली होती, जावकवाल्या मॅडमनी पेनाने खोडून बरोबर केलं आणि त्यांना वाटलं माझीच चूक. नवीन मशीनवर डोंगलचा ड्रायव्हर जूनमध्ये टाकून मिळाला, २०२१ च्या पत्राच्या संदर्भानेच. एका मशीनवर. दुसऱ्याचं वेगळं पत्र द्यायला सांगितलं. टाइम सर्व्हरच्या यादीत जुनं मशीन टाकायची मागणी नाकारली, कारण विंडोज ७ ला नवीन काही जोडायचं नाही असं धोरण. झेरॉक्सवाला अजून तिथेच आहे, आता सात रुपये घेतो. आणि वह्या स्कॅन झाल्या, पावसाच्या आधी सगळ्या नाही पण बऱ्याच, चिकटलेल्या दोन रॅकच्या मात्र गेल्याच.

२०२५ च्या दिवाळीच्या आसपास आयटी सेलचं पत्र आलं, १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा पण सपोर्ट बंद झालाय, तरी प्रत्येक कार्यालयाने आपल्या मशीनची माहिती सोबतच्या एक्सेल तक्त्यात भरून आजच पाठवावी. म्हणजे आमची ती नवीन मशीन आता जुनी झाली. तक्त्यात ऑपरेटिंग सिस्टिमच्या रकान्यात टाइप करता येत नव्हतं, यादीतूनच निवडायचं होतं, विंडोज १०, विंडोज ११, इतर. मामांनी विचारलं, जुन्याचं काय टाकलंत? ‘इतर’ टाकलं.